घरगुती आपत्ती-पूर्वतयारीतील चुका

घरगुती आपत्ती-पूर्वतयारीतील चुका म्हणजे पूर, दरड कोसळणे, चक्रीवादळ, भूकंप यांसारख्या आपत्तींसाठी कुटुंबाने केलेल्या तयारीत राहून जाणाऱ्या आणि प्रत्यक्ष संकटात जीवित वा मालमत्तेची हानी वाढवणाऱ्या उणिवा होत. पूर्वतयारी म्हणजे केवळ वस्तूंचा साठा, ही समजूत या चुकांच्या मुळाशी बहुधा आढळते. टॉर्च, बिस्किटे, दोरी आणि औषधे यांची पिशवी घरात असूनही घर केव्हा सोडायचे, कोणी कोणाला उचलून न्यायचे, गोठ्यातील जनावरांचे काय करायचे आणि संपर्क तुटल्यास कोठे भेटायचे हे आधी ठरलेले नसेल, तर त्या पिशवीचा उपयोग मर्यादित राहतो. आपत्तीच्या वेळी घ्यावे लागणारे निर्णय शांत काळात घेऊन ठेवणे हा पूर्वतयारीचा गाभा होय.

या लेखात प्रामुख्याने महाराष्ट्रातील आपत्तींच्या अनुभवाच्या आधारे अशा चुकांचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात आपत्तींचे स्वरूप प्रदेशानुसार बदलते. कोकणात अतिवृष्टी, चक्रीवादळे आणि दरडी, कृष्णा व पंचगंगेच्या खोऱ्यांत दीर्घकाळ टिकणारे महापूर, सह्याद्रीच्या उतारांवर भूस्खलन, कोयना परिसर व मराठवाड्याच्या काही भागांत भूकंप, तर मराठवाडा व विदर्भात वीज पडणे हे प्रमुख धोके आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटून पुण्यात आलेला पूर, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप या घटनांचा राज्याच्या सामूहिक स्मृतीवर खोल ठसा आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर राज्यात आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनाला गती मिळाली. २००५ मध्ये संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत केला. त्यानुसार राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवर प्राधिकरणे स्थापन झाली असून जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते.

शासकीय यंत्रणा अस्तित्वात असली तरी आपत्तीनंतरचे पहिले काही तास कुटुंब आणि शेजारी यांनाच निभावून न्यावे लागतात. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, तेव्हा बाहेरच्या जगाला त्याची पहिली वार्ता एसटी बसच्या चालकाकडून कळली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली त्या वेळी परिसरातील रस्ते पुराच्या पाण्यामुळे बंद होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळल्यानंतर वाहनाचा रस्ता नसल्याने बचाव पथकांना डोंगर चढून पायी जावे लागले. ‘हाक मारताच मदत पोहोचेल’ असे गृहीत धरून केलेली तयारी म्हणूनच अपुरी ठरते.

धोक्याचा अंदाज घेताना होणाऱ्या चुका

मागील पुराची खूण अंतिम मानणे

नदीकाठच्या अनेक घरांच्या भिंतींवर जुन्या पुराची रेघ जपलेली असते. पाणी त्या रेघेपर्यंतच येणार असे मानून सामान तिच्या वर हलवणे आणि घरातच थांबणे ही पूरप्रवण भागातील सर्वांत सामान्य चूक होय. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली या दोन्ही शहरांत पाण्याने २००५ च्या पुराची पातळी ओलांडली. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये तेथील पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट असून त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर पोहोचले. २००५ च्या खुणेनुसार माळ्यावर ठेवलेले धान्य, कपडे आणि कागदपत्रे त्यामुळे अनेक घरांत भिजली. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पंचगंगेने पुन्हा ५५ फुटांची पातळी ओलांडली.

जुन्या खुणा निरुपयोगी नसतात. जुन्या शिवाजी पुलाच्या कमानींशी पाणी किती भिडले यावरून ‘मच्छिंद्री’ झाली असे सांगण्याची कोल्हापुरातील पद्धत पिढ्यान्‌पिढ्या इशाऱ्याचे काम करीत आली आहे. मात्र अशी खूण म्हणजे हालचाल सुरू करण्याचा संकेत होय. पाण्याची कमाल मर्यादा नव्हे.

पाण्याची वाट चुकीची गृहीत धरणे

पाणी नदीच्या दिशेनेच घरात शिरेल असे नसते. नदी फुगली की तिला मिळणारे ओढे, नाले आणि गटारे उलट्या दिशेने भरू लागतात. कोल्हापुरात पंचगंगेचे पाणी जयंती नाल्यातून मागे सरकून नदीपासून दूर असलेल्या वस्त्यांत शिरते. घरातील शौचालय व मोरीच्या जाळीतून पाणी वर येणे हे अशा पुराचे प्रारंभिक लक्षण असू शकते. दारात वाळूची पोती रचून मोरीकडे दुर्लक्ष करणे ही यातून उद्भवणारी चूक आहे.

बाहेर पडण्याचा रस्ता घराच्या आधी पाण्याखाली जाऊ शकतो, ही बाबही अनेकदा ध्यानात घेतली जात नाही. घर उंचावर आणि रस्ता सखल भागातून असेल, तर घरापर्यंत पाणी येण्याची वाट पाहणारे कुटुंब कोरड्या घरातच अडकून पडते.

डोंगरउतारावरील पूर्वखुणांकडे दुर्लक्ष

दरडप्रवण भागात जमिनीला वा भिंतींना नव्याने पडलेल्या भेगा, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, उतारावर अचानक गढूळ पाण्याचे झरे फुटणे, ओढ्याचा प्रवाह एकाएकी आटणे आणि डोंगरातून गडगडाटासारखा आवाज येणे या धोक्याच्या खुणा मानल्या जातात. भेगा मातीने बुजवून पावसाळा काढणे धोकादायक असते, कारण भेगेतून मुरणारे पाणी उताराचा भार वाढवते. अशा खुणा दिसल्यास तलाठी, ग्रामपंचायत किंवा तहसील कार्यालयाला कळवणे आणि पावसाचा जोर असेपर्यंत रात्रीचा मुक्काम अन्यत्र हलवणे आवश्यक ठरते. माळीणची दुर्घटना सकाळची, तळियेची दिवसाची आणि इर्शाळवाडीची रात्रीची होती. त्यामुळे ‘दिवसा धोका नसतो’ हा समजही निराधार आहे.

इशाऱ्यांचा अर्थ लावताना होणाऱ्या चुका

भारतीय हवामान विभाग हवामानाचे इशारे चार रंगांत देतो. हिरवा रंग विशेष कृतीची गरज नसल्याचे, पिवळा रंग परिस्थितीवर लक्ष ठेवण्याचे, नारिंगी रंग सज्ज राहण्याचे आणि लाल रंग कृती करण्याचे सूचन करतो. लाल इशारा मिळाल्यानंतर तयारीला प्रारंभ करणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. औषधे आणणे, वाहनात इंधन भरणे, वृद्धांना नातेवाइकांकडे पोहोचवणे ही कामे नारिंगी इशाऱ्याच्या टप्प्यातच पूर्ण व्हावयास हवीत.

चोवीस तासांतील ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला जोरदार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पावसाला अतिजोरदार आणि त्याहून अधिक पावसाला अत्यंत जोरदार पाऊस म्हणतात. मात्र अशा आकड्यांवरून एखाद्या घराचा धोका थेट ठरत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तर त्याच काळात कुलाबा येथे सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या घरावरील आकाश पाहून शहराच्या दुसऱ्या भागातील प्रवासाचा निर्णय घेणे किती फसवे ठरू शकते हे या दोन आकड्यांवरून दिसते.

नदीकाठी गावातील पावसापेक्षा धरणक्षेत्रातील पाऊस आणि धरणातून होणारा विसर्ग अधिक महत्त्वाचा असतो. ऊन पडले म्हणून पूर ओसरला असे मानणे त्यामुळे चुकीचे ठरते. कोयना धरणाचा विसर्ग किती क्युसेकने वाढवला, राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले यांसारख्या बातम्या खालच्या गावांसाठी काही तासांचा अवधी देतात. हा अवधी हीच पूरग्रस्त कुटुंबाची खरी शिल्लक असते.

समाजमाध्यमांवरून फिरणाऱ्या जुन्या चित्रफिती आणि ‘धरण फुटले’ यांसारख्या अफवा ही या समस्येची दुसरी बाजू होय. अफवांमुळे एकदा फसलेले कुटुंब पुढील खऱ्या इशाऱ्याकडे पाठ फिरवण्याचा संभव असतो. हवामान विभाग, जिल्हा प्रशासन आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ अ‍ॅप ही इशाऱ्यांची अधिकृत माध्यमे आहेत. विजेच्या पूर्वसूचनेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ अ‍ॅप उपलब्ध आहे.

घर सोडण्याच्या निर्णयातील चुका

घर सोडण्यास होणारा उशीर ही जीवितहानीच्या दृष्टीने सर्वांत गंभीर चूक मानली जाते. तिची कारणे समजण्यासारखी असतात. चोरीची भीती, निवारा केंद्रातील गैरसोय, घरातील ज्येष्ठांचा नकार, दुभती जनावरे आणि आधीच्या वेळी पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेल्याचा अनुभव यांमुळे निर्णय पुढे ढकलला जातो. उशिरा निघालेल्या कुटुंबाला रस्त्याऐवजी बोट, दिवसाऐवजी रात्र आणि स्वतःच्या वेळेऐवजी मदतीची वेळ स्वीकारावी लागते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून अनेकांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे असल्याचे त्या वेळी पुढे आले होते.

यावर सुचवला जाणारा उपाय म्हणजे निघण्याची खूण आधीच निश्चित करणे. ‘पाणी वाढले तर निघू’ हा निर्णय नव्हे. ‘बंधाऱ्यावरील पातळी इशारा पातळीला पोहोचली की आजी-आजोबा व मुले निघतील, धोका पातळीआधी सर्वजण निघतील’ हा निर्णय होय. तो घेण्याचा अधिकार घरातील कोणाकडे असेल, ती व्यक्ती परगावी असल्यास दुसरे कोण, हेही ठरलेले असावे. कर्ता पुरुष कामावर असताना स्त्रिया त्याच्या होकाराची वाट पाहत थांबल्या आणि तेवढ्यात फोन बंद पडला, तर संपूर्ण योजना निरर्थक ठरते.

वाहत्या पाण्यातून जाणे ही दुसरी मोठी चूक आहे. वेगाने वाहणारे सुमारे १५ सेंटिमीटर पाणी प्रौढ माणसाचा तोल घालवू शकते आणि सुमारे ३० सेंटिमीटर पाणी लहान मोटार तरंगवू शकते. पुलावरून पाणी वाहत असताना खालचा रस्ता शाबूत आहे की नाही हे दिसत नाही. मुंबईतील २००५ च्या पुरात पाण्यात अडकलेल्या मोटारींमध्ये काही जणांचा मृत्यू झाला. इमारतीच्या तळघरात पाणी शिरत असताना वाहन काढण्यासाठी खाली उतरणे हेही तितकेच घातक असते.

पाणी, अन्न आणि औषधे

महापुरात सर्वत्र पाणी असूनही पिण्याचे पाणी मिळत नाही. कोल्हापुरात २०१९ मध्ये पाणी उपसा केंद्रे पुरात बुडाल्याने शहराचा पाणीपुरवठा कित्येक दिवस विस्कळीत झाला होता. पुणे–बंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेल्याने शहरात येणारी मालवाहतूकही थांबली. तरीही अनेक घरांतील साठ्यात खाद्यपदार्थ भरपूर आणि पाणी थोडे असे उलटे प्रमाण असते. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी दर माणशी दररोज किमान तीन लिटर पाणी धरले, तरी पाच जणांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी ४५ लिटर लागते. स्वच्छतेसाठीचे पाणी यात धरलेले नाही. जमिनीखालील टाकीत पुराचे दूषित पाणी शिरते, म्हणून पाऊस वाढताच गच्चीवरील टाकी व झाकणाची भांडी भरून ठेवणे श्रेयस्कर असते.

तुरटी फिरवलेले पाणी निर्जंतुक झाले असे मानणे ही प्रचलित चूक आहे. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, रोगजंतू मरत नाहीत. निवळलेले पाणी फडक्याने गाळून खळखळून उकळणे किंवा क्लोरीनचे द्रावण सूचनेनुसार मिसळून अर्धा तास ठेवणे आवश्यक असते. ग्रामपंचायती वापरतात ती टीसीएल पावडर उघडी राहिल्यास तिची शक्ती कमी होते; त्यामुळे गेल्या वर्षीच्या उघड्या पुडीवर विसंबून राहता येत नाही.

अन्नाच्या बाबतीत तांदूळ, डाळ आणि पीठ यांचाच साठा करणे अपुरे ठरते, कारण ते शिजवण्यासाठी पाणी व इंधन लागते. चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, दशम्या, लाडू, खजूर यांसारखे न शिजवता खाता येणारे आणि घरातील मुलांना सवयीचे पदार्थ अधिक उपयोगी पडतात. साठा वर्षभर बांधून न ठेवता रोजच्या वापरात आणून पुन्हा भरत राहिल्यास तो खराब होत नाही.

रक्तदाब, मधुमेह, फिट्स, दमा, थायरॉइड यांवरील नियमित औषधे संपत आल्यावरच आणण्याची सवय आपत्तीत जीवघेणी ठरू शकते. किमान एक ते दोन आठवड्यांची औषधे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत हाताशी असणे आवश्यक असते. वीज गेल्यावर इन्सुलिन टाकून देणे किंवा ते बर्फात गोठवणे या दोन्ही चुका आहेत. वापरात असलेले बहुतेक प्रकारचे इन्सुलिन २५ ते ३० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात सुमारे चार आठवडे टिकते. वीज नसताना ओल्या फडक्यात गुंडाळलेले मातीचे मडके गारवा राखण्यास उपयोगी पडते. डायलिसिसवरील रुग्ण आणि बाळंतपण जवळ आलेल्या स्त्रिया यांना रस्ते बंद होण्यापूर्वीच रुग्णालयाजवळ हलवणे इष्ट असते.

वीज, गॅस आणि उजेड

पाणी घरात शिरल्यानंतर त्यात उभे राहून मुख्य स्विच बंद करण्याचा प्रयत्न प्राणघातक ठरू शकतो. घर सोडताना किंवा पाणी येण्याची शक्यता दिसताच कोरड्या जागेवरून तो बंद करावा लागतो. मुख्य स्विच बंद केला तरी इन्व्हर्टर घरातील वायरिंगला वीज पुरवत राहतो, हे अनेकदा विसरले जाते. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीलगत ठेवलेली असल्यास ती प्रथम पाण्याखाली जाते.

स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर पुराच्या पाण्यात तरंगतात. रेग्युलेटर लावलेला सिलिंडर तरंगू लागला की नळी निसटून गळती होऊ शकते. घर सोडताना रेग्युलेटर काढून, सुरक्षा टोपी लावून सिलिंडर उभा बांधून ठेवणे योग्य असते. अंधारात मेणबत्ती वा काडी पेटवून गळती शोधणे हा स्फोटाचा धोका ओढवून घेणारा प्रकार आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवल्यास किंवा जनित्र चालवल्यास कार्बन मोनॉक्साइड साठून झोपेतच मृत्यू येऊ शकतो. या वायूला रंग वा वास नसतो.

३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक गावे दीर्घकाळ विजेविना राहिली. वीज एका रात्रीत परत येईल या अपेक्षेने केलेली तयारी अशा प्रसंगी तोकडी पडते. टॉर्चमध्ये सेल घालून तो वर्षभर ठेवल्यास सेल पाझरून टॉर्च निकामी होतो; म्हणून सेल वेगळे ठेवण्याची पद्धत आहे.

संपर्कातील चुका

मोबाइल चालू राहील हे गृहीतक २००५ च्या मुंबईतील पुरात फोल ठरले. वीज व दूरसंचार सेवा कोलमडल्याने हजारो लोक कार्यालयांत, शाळांत आणि रस्त्यांवर अडकून पडले आणि कुटुंबीयांना परस्परांचा ठावठिकाणा कळेना. मुलाला आणण्यासाठी आई आणि वडील दोघेही वेगवेगळ्या दिशांनी निघणे ही अशा वेळची नेहमीची चूक होय. मूल शाळेतच सुरक्षित राहील की कोणी आणावयाचे, एकमेकांशी संपर्क न झाल्यास कोणत्या ठिकाणी जमावयाचे आणि परगावच्या कोणत्या नातेवाइकाकडे प्रत्येकाने आपली खुशाली कळवावयाची हे आधी ठरवल्यास असा धोका टळतो.

सर्व क्रमांक केवळ मोबाइलमध्ये साठवणे हीदेखील त्रुटी आहे. कागदावर लिहिलेले क्रमांक घरात दर्शनी जागी आणि मुलांच्या दप्तरात असावेत. महाराष्ट्रात पुढील क्रमांक उपयोगी पडतात:

• ११२ – पोलीस व सर्वसाधारण आपत्कालीन मदत
• १०१ – अग्निशमन दल
• १०८ – रुग्णवाहिका
• १०७७ – जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष
• १९०६ – स्वयंपाकाच्या गॅसची गळती
• १९१६ – बृहन्मुंबई महानगरपालिकेचा नियंत्रण कक्ष

कागदपत्रे आणि रोकड

शिधापत्रिका, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, विमा पॉलिसी, घराची खरेदीखते, मुलांच्या गुणपत्रिका आणि जमिनीचे उतारे हे सारे एकाच लोखंडी पेटीत जमिनीलगत ठेवण्याची प्रथा अनेक घरांत आहे. पुरानंतर हीच पेटी चिखलाने भरलेली सापडते. मूळ कागदपत्रे जलरोधक पिशवीत, घर सोडताना एका हाताने उचलता येतील अशी ठेवणे आणि त्यांच्या प्रती दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडे ठेवणे हा सोपा उपाय आहे. डिजिलॉकरमध्ये शासकीय संस्थेने निर्गमित केलेली कागदपत्रे मूळ कागदपत्रांप्रमाणे ग्राह्य असतात. मात्र नागरिकाने स्वतः छायाचित्र काढून चढवलेल्या प्रतीला तो दर्जा नसतो. वीज व नेटवर्क नसताना ऑनलाइन पैसे देण्याची सोय आणि एटीएम बंद पडतात, त्यामुळे काही दिवस पुरेल इतकी सुटी रोकड जवळ असणे आवश्यक असते.

वृद्ध, बालके, अपंग व्यक्ती आणि जनावरे

कुटुंबाची योजना बहुधा धडधाकट प्रौढ व्यक्ती समोर ठेवून आखली जाते. गच्चीवर जाण्याची शिडी हा त्या व्यक्तीसाठी मार्ग असतो. गुडघेदुखीच्या आजीसाठी तो मार्ग नसतो. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला उचलण्यासाठी किती माणसे लागतील, ती शेजारून केव्हा येतील, चष्मा, श्रवणयंत्र, काठी आणि चाकाची खुर्ची सोबत कोण घेईल हे नावानिशी ठरलेले असावे. लहान बाळांच्या बाबतीत दूषित पाण्यात कालवलेली दुधाची पावडर अतिसाराला कारण ठरते. म्हणून स्तनपान चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

ग्रामीण भागात जनावरांचा प्रश्न टाळून केलेली योजना कागदावरच राहते. म्हैस वा गाय हे घराचे उत्पन्न असते आणि कुटुंबाचा तिच्यावर जीवही असतो. तिला सोडून जाण्यास नकार देणे म्हणजे केवळ हट्ट म्हणता येत नाही. २०१९ च्या महापुरात जनावरांसाठी माणसे पाण्यात थांबून राहिल्याची आणि दावणीला बांधलेली जनावरे जागीच बुडाल्याची उदाहरणे कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत घडली. त्यामुळे नदीकाठच्या गावांत पहिले स्थलांतर जनावरांचे करणे, त्यांच्यासाठी उंचावरील जागा व वैरण आधी ठरवणे आणि ते शक्य न झाल्यास निघताना दावे सोडून देणे हे नियोजनाचे अविभाज्य अंग मानावे लागते. जनावरे वेळेत हलली तर माणसेही वेळेत हलतात.

भूकंपविषयक गैरसमज

भूकंपाची तारीख व वेळ सांगणारे भाकीत करता येत नाही, त्यामुळे त्याची तयारी मुख्यतः घराच्या बांधणीतच करावी लागते. किल्लारी परिसरात दगड-मातीच्या जाड भिंती आणि लाकडी माळवदावरील मातीचा जड थर कोसळल्याने झोपेत असलेली माणसे गाडली गेली. अशा घरांत आपत्कालीन पिशवी ठेवून भिंतींचे मजबुतीकरण न करणे म्हणजे दुय्यम गोष्ट करून मुख्य गोष्ट टाळणे होय. उंच कपाटे भिंतीला न जखडणे, पलंगाच्या वर जड वस्तू ठेवणे आणि दाराच्या चौकटीला सर्वाधिक सुरक्षित जागा समजणे या इतर चुका आहेत. पक्क्या इमारतीत हादरे चालू असताना जिन्याकडे वा लिफ्टकडे धावण्याऐवजी खाली बसून, मजबूत टेबलाखाली आडोसा घेऊन, तो घट्ट धरून राहण्याची शिफारस केली जाते.

घरी परतताना होणाऱ्या चुका

पाणी ओसरले म्हणजे आपत्ती संपली, असे समजून घाईने घरात शिरणे धोकादायक असते. भिजलेल्या मातीच्या भिंती ऊन पडल्यावरही ढासळू शकतात. वायरिंग तपासण्यापूर्वी वीज सुरू केल्यास धक्का बसण्याचा वा आग लागण्याचा संभव असतो. फडताळात, अडगळीत आणि ओल्या कपड्यांच्या ढिगात साप व विंचू आश्रय घेतात. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, रक्त शोषणे किंवा आवळून दोरी बांधणे टाळून रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात नेणे आवश्यक असते. २००५ मध्ये मुंबईत पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली होती. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालल्यास या रोगाचा धोका वाढतो. अशा व्यक्तींनी ताप येण्याची वाट न पाहता प्रतिबंधक औषधाबाबत डॉक्टरांचा सल्ला घेणे हिताचे असते.

नुकसानीचे छायाचित्रण न करता घर धुऊन काढणे ही आर्थिक दृष्टीने महागात पडणारी चूक आहे. पंचनामा आणि विम्याचा दावा यांसाठी भिंतीवरील पाण्याची खूण, भिजलेले सामान व उपकरणे यांची छायाचित्रे आवश्यक असतात. रोगराई टाळण्यासाठी सडलेले अन्नधान्य तातडीने हलवावेच लागते. मात्र त्यापूर्वी त्याची नोंद ठेवता येते.

सराव आणि फेरआढावा

पूर्वतयारीची कसोटी सरावातच लागते. मुख्य स्विच अंधारात सापडतो का, गच्चीच्या दाराची किल्ली नेमकी कोठे आहे, भरलेली पिशवी आजोबांना उचलते का, निवारा केंद्रापर्यंत चालत जाण्यास मुलांसह किती वेळ लागतो, या प्रश्नांची उत्तरे प्रत्यक्ष करून पाहिल्यावरच मिळतात. महाराष्ट्रात मान्सूनपूर्व काळ, म्हणजे मे महिना, अशा फेरआढाव्यासाठी सोयीचा असतो. घरात नवे बाळ आले, कोणाला दीर्घ आजार जडला, मुलगा शिक्षणासाठी परगावी गेला किंवा गोठ्यात जनावर वाढले की जुनी योजना कालबाह्य होते.

योजना एका घरापुरती ठेवणे ही शेवटची, पण सहसा लक्षात न येणारी चूक होय. गल्लीतील कोणते घर दुमजली आहे, कोणाकडे ट्रॅक्टर आहे, कोण परिचारिका आहे आणि कोणत्या घरात एकटी वृद्ध व्यक्ती राहते याची माहिती शेजाऱ्यांकडेच असते. किल्लारीपासून इर्शाळवाडीपर्यंतच्या घटनांत बचावाचे पहिले हात बहुतांशी वाचलेल्या ग्रामस्थांचे आणि आसपासच्या गावकऱ्यांचे होते.

हेही पहा

• आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५
• किल्लारी भूकंप, १९९३
• २६ जुलै २००५ चा मुंबईतील पूर
• माळीण दुर्घटना
• निसर्ग चक्रीवादळ
• पंचगंगा नदी